पानामागची मराठी

मराठीतल्या छापील पुस्तकांच्या आरंभाची नोंद आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले, १८१० मध्ये त्याचा कोश मोडी खिळ्यांत निघाला. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पुस्तके काढली आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागराने मराठी टायपाला वळण दिले. हे सारे ग्रंथालयशास्त्राच्या आणि वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्या मानाने मराठी माणूस वेबपान लिहायला कसा शिकला, कोणत्या साधनांनी शिकला आणि त्याने लिहिलेल्या पहिल्या पानांचे पुढे काय झाले, याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. घटना तशी ताजी आहे, जेमतेम तीस वर्षांची. शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक हयात आहेत. पण पाने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि जी उरली आहेत त्यांतली पुष्कळशी वाचता येत नाहीत.

या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच : मराठी वेबपान दोन टप्प्यांत शिकले गेले. पहिल्या टप्प्यात आपण पानाचे रूप रचायला शिकलो, पण त्या रूपाखाली मराठी भाषा नव्हती. दुसऱ्या टप्प्यात भाषा पानाखाली आली. या दोन टप्प्यांच्या मध्ये सुमारे दहा वर्षांचे मराठी लेखन अडकून पडले आहे. ते सोडवायचे असेल तर त्या काळी ही कला कशी शिकली गेली हे आधी समजून घ्यावे लागेल.

समासातल्या सूचना

वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्यांना एचटीएमएल म्हणतात, म्हणजे हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज. यातला मार्कअप हा शब्द छापखान्यातला आहे. हस्तलिखिताच्या समासात संपादक खिळे जुळवणाऱ्यासाठी सूचना लिहितो : हे शीर्षक मोठ्या टायपात घ्या, इथे नवा परिच्छेद करा, हा शब्द तिरपा ठेवा. या सूचना वाचकासाठी नसतात. छापून आलेल्या पानावर त्यांचा परिणाम दिसतो, सूचना दिसत नाहीत. एचटीएमएलमधला टॅग म्हणजे अशीच सूचना. ती टोकदार कंसात लिहितात. मजकुराच्या आधी एक खूण, मजकूर संपल्यावर तीच खूण तिरकी रेघ घालून पुन्हा. शीर्षकासाठी एक, परिच्छेदासाठी एक, यादीसाठी एक. जुळारीचे काम इथे ब्राउझर करतो.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास दस्तऐवजांना अशा खुणा लावायची पद्धत बसवली. तिचे विस्तारित रूप १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत कागदपत्रांसाठी हीच पद्धत चालू होती. तिथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला, पुढच्या वर्षी पहिला ब्राउझर लिहिला आणि १९९१ मध्ये तो बाहेरच्यांसाठी खुला केला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी खुणांची जी यादी दिली तिच्यात जेमतेम अठरा खुणा होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा सर्नमध्ये आधीपासून वापरात असलेल्या. चित्रासाठी आज वापरतात ती खूणही त्या यादीत नव्हती. ती १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन यांनी सुचवली. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने हे सारे तंत्र कोणतेही शुल्क न घेता सर्वांना खुले केले.

सामान्य माणसाला हे शिकता आले याची कारणे तीन. पहिले, वेबपान ही साध्या अक्षरांची फाइल असते. ती लिहायला संगणकात आधीपासून असलेले नोटपॅड पुरते. दुसरे, ब्राउझर क्षमाशील असतो. संगणकाच्या इतर भाषांत एक स्वल्पविराम चुकला तर कार्यक्रम चालतच नाही. इथे एखादी खूण बंद करायची राहिली तरी पान कसेबसे दिसतेच. नवशिक्याचा धीर त्यामुळे खचत नाही. तिसरे कारण सर्वांत मोठे. ब्राउझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' ही सोय होती. कोणतेही पान आवडले की त्याच्यामागचा सारा मजकूर, सर्व खुणांसकट, समोर उघडायचा. गवयाने मैफलीनंतर तानांचा कागदच हाती द्यावा तसे हे होते. जगभरच्या पहिल्या पिढीने एचटीएमएल शिकले ते मुख्यतः दुसऱ्याचे पान उघडून आणि त्यात आपला मजकूर घालून.

वहीतले वेबपान

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. त्याआधी आयआयटी किंवा जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा संस्थांना अर्नेटच्या जाळ्यातून संपर्क होता, पण तो संशोधकांपुरता. निगमाची विद्यार्थ्यांना परवडणारी खाती अक्षरांपुरतीच होती. त्यांवर चित्रे दिसत नसत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्याच्या गावांपर्यंत सायबर कॅफे पोचले.

याच सुमारास, १ जुलै १९९८ रोजी, अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. माझे गाव धनज बुद्रुक, कारंजा तालुक्यातले. नृसिंह सरस्वतींच्या जन्मामुळे कारंजा सर्वांना ठाऊक असते, धनज तितके नसते. संगणक शिकायचा तर आमच्याकडची मुले कारंज्याला किंवा अमरावतीला जात. तिथे टंकलेखन संस्थांच्या जुन्या पाट्यांशेजारी 'वेब डिझायनिंग' अशा नव्या पाट्या लागत होत्या. मी २००० मध्ये अमरावतीच्या अशाच एका क्लासमध्ये दोन महिने जात होतो. एका संगणकावर दोघे बसायचे. वेळ मोजून मिळायचा, म्हणून पान आधी वहीत लिहायचे : उघडणारी खूण, मजकूर, बंद करणारी खूण. मग मिळालेल्या अर्ध्या तासात ते नोटपॅडमध्ये उतरवून ब्राउझरमध्ये उघडून पाहायचे. शिकवणीच्या नोट्स म्हणजे इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स. एकदोन उदाहरणे पाठ झाली की जो तो आपल्या मनातले पान करू लागे. कोणी क्रिकेटपटूंचे करी, कोणी सिनेमातल्या नटनट्यांचे. मी गावाचे केले : वर मोठ्या अक्षरांत धनज, खाली दोन परिच्छेद, पिकांचा एक तक्ता (कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन) आणि कारंज्यावरच्या दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा.

हा दुवा आम्हाला सर्वांत नवलाचा वाटे. तक्ता वहीतही काढता येतो. पण एका शब्दाला बोट लावले की दुसरे पान उघडते, आणि ते कुठे उघडावे हे आपण ठरवायचे, ही गोष्ट पुस्तकात नव्हती. लिहिणाऱ्याला वाचकाच्या पुढच्या पावलाची दिशा ठरवता येते, हे त्या एका खुणेने शिकवले.

पान जगाला दाखवायचे तर ते कोणाच्या तरी सर्व्हरवर ठेवावे लागते. त्यासाठी जिओसिटीज होते. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही सेवा कोणालाही फुकट जागा देई. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली. तिच्यावर जगभरच्या हौशी माणसांची पाने होती, त्यांत मराठीही होती : आपल्या गावाची, किल्ल्यांची, आरत्यांची, पाककृतींची. परदेशातल्या मराठी मंडळींचा यात वाटा मोठा होता, कारण इंटरनेट त्यांच्या घरी आधी आले. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केले ते १९९६ मध्ये, म्हणजे इथे अजून निगमाच्या खात्यांची अपूर्वाई होती तेव्हा. पण बोस्टन असो की अमरावती, लिहिणाऱ्यासमोर अडचण एकच होती. खुणा इंग्रजी, त्याला हरकत नाही. मजकूर मराठी कसा उमटवायचा?

वेश मराठी, अक्षरे इंग्रजी

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता आधी ठरलेला असतो. एचटीएमएलचे नोव्हेंबर १९९५ मधले पहिले अधिकृत प्रमाण पश्चिम युरोपीय भाषांच्या तक्त्यावर उभे होते. त्यात देवनागरीला घर नव्हते.

भारतात यावर काम झालेले नव्हते असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो प्रमाण म्हणून स्वीकारला. वर्णमालेच्या क्रमावर रचलेला तो उत्तम तक्ता होता. पण तो वापरायला खास कार्ड किंवा खास सॉफ्टवेअर लागे, आणि बाहेरच्या ब्राउझरांना तो कळत नसे. म्हणून डीटीपीच्या दुकानांतून चालणारी युक्ती वेबवर आली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेला फाँट बनवायचा. मजकूर साठतो तो इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांनी. त्यावर मराठी फाँट चढवला की डोळ्यांना मराठी दिसते. त्यासाठी एचटीएमएलमध्ये फाँटचे नाव सांगणारी खूण होतीच. मराठी वेबपान लिहायला शिकणे म्हणजे त्या काळी बव्हंशी ही एक खूण वापरायला शिकणे होते.

उदाहरण घेऊ. विदर्भातल्या डीटीपीवाल्यांकडे आणि कचेऱ्यांत कृतिदेव फाँट सर्रास असे. त्यात 'धनज' लिहायचे तर चार कळा दाबायच्या : तिरकी रेघ, के, यू, टी. तिरकी रेघ म्हणजे अर्धा ध, के म्हणजे काना, यू म्हणजे न, टी म्हणजे ज. 'मराठी' म्हणजे ई, जे, के, मोठा बी, एच. तोच शब्द शिवाजी फाँटमध्ये एम, ए, आर, ए, झेड आणि मोठा आय असा साठे. शेजारी शेजारी उघडलेली ही दोन पाने डोळ्यांना सारखीच मराठी. संगणकाच्या लेखी मात्र त्यांत एकही अक्षर समान नाही आणि एकही मराठी नाही. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, असे जितके फाँट तितके तक्ते. मराठी दैनिकांची आरंभीची संकेतस्थळेही आपापल्या फाँटवर चालत. वाचकाने आधी फाँट उतरवून घ्यायचा आणि मग बातमी वाचायची. १९९७ च्या सुमारास पानाबरोबर फाँट आपोआप पाठवायच्या युक्त्या निघाल्या, पण नेटस्केपची वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी.

यंत्रासाठी लिपीला मुरड घालण्याची गोष्ट आपल्याला नवी नव्हती. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा आग्रह धरला होता. टंकलेखन यंत्राने जोडाक्षरांचे तुकडे केले होते, आणि कृतिदेवची कळपाटी ही त्या यंत्राचीच वारस. फरक एका बाबतीत होता. खिळा कसाही तोडला तरी कागदावर उमटलेले अक्षर मराठीच असे, ते कोणालाही वाचता येई. फाँटच्या पानात वाचकाच्या संगणकावर तो विशिष्ट फाँट नसेल तर धनजच्या जागी तिरकी रेघ, के, यू, टी एवढेच दिसे. अशा पानात शोध घेता येत नसे. शब्द अकारविल्हे लावता येत नसत. अंधांसाठीचा पडदावाचक त्यातून इंग्रजी अक्षरांची बडबड वाचून दाखवी.

उच्चाराचा क्रम

दुसरा टप्पा आला तो एकाच वेळी दोन दिशांनी. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात कायमचे क्रमांक देणारे युनिकोड १९९१ मध्ये निघाले, आणि त्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला. म्हणून तिथे ध आणि न शेजारी आहेत, ०९२७ आणि ०९२८. आपली वर्णमाला जशीच्या तशी जागतिक तक्त्यात बसली, ती कानपूर-पुण्याच्या त्या कामामुळे. दुसरीकडे जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल जगातल्या सर्व भाषांसाठी खुले करणारा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४ ने युनिकोड हाच पानाचा अक्षरसंच मानला. पान कोणत्या भाषेत आहे हे सांगण्याची जागाही त्यात आली. मराठीसाठी तिथे एम आणि आर ही दोन अक्षरे लिहायची.

कागदोपत्री मराठी १९९७ मध्येच वेबवर पोचली होती. घरच्या संगणकावर पोचायला आणखी वेळ लागला. २००० च्या फेब्रुवारीत आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा आणि 'मंगल' हा फाँट होता. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटला. आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे, पुढे जुहूच्या केंद्रात काम करणारे र. कृ. जोशी मराठी वाचकांना कवी म्हणूनही परिचित होते. २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या हाताचे वळण कोट्यवधी पडद्यांवर राहिले. विंडोज एक्सपीमध्ये मात्र ही सोय झाकून ठेवलेली होती. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची, तेव्हा कुठे मराठी दिसे. ज्यांच्याकडे सीडी नव्हती ते चौकोन पाहत बसत. तरीही १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत गमभन, बरहा यांसारख्या साधनांनी उच्चारानुसार टंकायची सवय लावली.

या बदलात शिकणाऱ्याच्या हाताला एक गोष्ट उलटी करावी लागली. जुन्या फाँटमध्ये आपण अक्षर जसे दिसते तसे लिहीत होतो. 'विदर्भ' हा शब्द कृतिदेवमध्ये एफ, ओ, एन, मोठा एच, के, मोठा झेड असा लिहायचा : आधी पहिली वेलांटी, मग व, मग द, मग भ, आणि भच्या डोक्यावर शेवटी रफार. युनिकोडमध्ये आपण जसे बोलतो तसे लिहितो. व आधी, वेलांटी नंतर; र् आधी, भ नंतर. पहिली पद्धत डोळ्याची, दुसरी कानाची. वर्षानुवर्षे कृतिदेववर बसलेल्या हातांना हे सोपे गेले नाही. कचेऱ्यांतून जुना फाँट इतकी वर्षे टिकला त्याचे एक कारण ही हाताची सवय आहे.

मराठीची स्वतःची काही कामेही उरली होती. 'वाऱ्यावर' आणि 'तऱ्हा' यांतला डोळ्याच्या पापणीसारखा र हिंदीला लागत नाही. त्यासाठी तक्त्यातल्या नुक्ता असलेल्या र चा आधार घ्यावा लागला. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी प्रमाण ठरवले. यात एक बारकावा असा की, फाँटमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही वळणांचे ल आणि श असतील तर कोणते दाखवायचे हे ब्राउझर पानावरच्या त्या दोन अक्षरी भाषाखुणेवरून ठरवू शकतो. पानाच्या माथ्यावर एम-आर लिहिले तर ल मराठी वळणाचा येतो. शासननिर्णय पाळला जातो की नाही हे तिथे लिहिणाऱ्याच्या एका ओळीवर अवलंबून आहे, आणि ती ओळ वाचकाला दिसत नाही.

वापरणारे आणि लिहिणारे

ग्रामीण महाराष्ट्रात संगणक आला तो बहुधा खिडकीपलीकडचे यंत्र म्हणून. १९९८ मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सत्तर गावांत केंद्रे निघाली. साखर कारखान्याच्या सभासदाला उसाची नोंद आणि बिलाची माहिती गावातच मिळावी, हा हेतू. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी घरोघरी पोचली. लाखो लोकांनी ती परीक्षा दिली, सरकारी नोकरीसाठी तिचे प्रमाणपत्र लागू लागले. संगणकाची भीती घालवण्याचे मोठे काम या दोन्हींनी केले. पण दोन्हींचा रोख वापरण्यावर होता : पत्र लिहा, तक्ता करा, माहिती पाहा. जाळ्यात आपले पान लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे. वाचता येणे आणि लिहिता येणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

लिहिण्याचा हा भाग पुढे शाळेत आला. २०१९-२० पासून बालभारतीच्या अकरावीच्या आणि त्यापुढच्या वर्षी बारावीच्या 'माहिती तंत्रज्ञान' विषयात वेबपान रचण्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. खुणा, तक्ते, दुवे आणि पानाच्या सजावटीची सीएसएस त्यांत शिकवतात. मोफत सर्व्हर, मोबाइलचा इंटरनेट आणि युनिकोड या तिन्ही गोष्टी आता धनजच्या मुलाच्याही हाताशी आहेत. २००० मध्ये आम्हाला यांतले एकही नीट मिळत नव्हते. तरी मी आमच्या भागातल्या मुलांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या पाहतो तेव्हा बहुतेक नमुने इंग्रजी दिसतात : माझे कॉलेज, माझा छंद, माझा बायोडेटा, सारे इंग्रजीत. खुणा इंग्रजी असल्याने मजकूरही इंग्रजीच लागतो, असा समज त्यामागे असावा. आमच्या पिढीला मराठी मजकूर घालण्यासाठी फाँटची कसरत करावी लागली आणि ती आम्ही केली. आता कसरत लागत नाही.

नवी मोडी

आता उरते ते मधल्या दशकाचे लेखन. जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाले. काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट अर्काइव्हने त्यातली शक्य तितकी पाने उतरवून ठेवली. अर्काइव्ह १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवत आले आहे; मराठी संकेतस्थळांच्या जुन्या प्रतीही तिथे आहेत. मात्र शोधचौकटीत मराठी शब्द घातला तर ही पाने सापडत नाहीत, कारण त्यांत मराठी शब्द नाहीत. पत्ता ठाऊक असेल तर पान उघडते, आणि फाँट नसेल तर उघडल्यावर कळत नाही. माझ्या गावाच्या पानाची फ्लॉपीवरून उतरवलेली फाइल माझ्यापाशी आहे. तिच्यातल्या एचटीएमएलच्या खुणा आजचा ब्राउझरही निमूट पाळतो. तक्ता जागच्या जागी, शीर्षक मधोमध. फक्त शीर्षकात धनज नाही, तिरकी रेघ, के, यू, टी आहे. रचना टिकली, मजकूर हरवला. आणि मजकुरासाठीच तर ती रचना केली होती.

मोडीची आठवण इथे येणे अपरिहार्य आहे. शेकडो वर्षे महाराष्ट्राचा कारभार मोडीत चालला. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळेतून गेली, आणि दप्तरखान्यांतले रुमाल शाबूत असूनही वाचणारे उरले नाहीत. २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांना एकाएकी जाणवली. न वाचता येणारा कागद हा केवळ अभ्यासकाचा प्रश्न नसतो, हे त्या वेळी गावोगावी कळले. आणखी एक गोष्ट अशी की मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले. म्हणजे शिवकालीन लिपीला आज जागतिक तक्त्यात जागा आहे, आणि १९९९ मध्ये लिहिलेल्या मराठी पानातल्या अक्षरांना नाही.

मोडीपेक्षा हे काम सोपे आहे, कारण इथे हस्ताक्षर लावायचे नाही. कोणत्या फाँटमध्ये कोणत्या कळेला कोणता तुकडा, एवढा तक्ता हाती असला की रूपांतर यंत्राने होते. पहिली वेलांटी व्यंजनामागे न्यायची, रफार व्यंजनापुढे आणायचा, अर्ध्या अक्षराला काना मिळाला तर ते पूर्ण करायचे. नियम मोजके आहेत. कृतिदेवसारख्या प्रचलित फाँटची अशी रूपांतरसाधने उपलब्धही आहेत. अडते ते कमी खपलेल्या, एखाद्या दैनिकाने किंवा संस्थेने स्वतःपुरत्या बनवून घेतलेल्या फाँटपाशी. त्यांचे तक्ते कुठे छापलेले नाहीत. ते कुणाच्या जुन्या संगणकात, कुणाच्या सीडीत, कुणा डीटीपी चालवणाऱ्याच्या बोटांत आहेत. ती माणसे आता पन्नाशी-साठीची आहेत.

म्हणून ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते टाकू नये, असे मला सुचवावेसे वाटते. जुनी फ्लॉपी, सीडी, दिवाळी अंकाची डीटीपीची फाइल, मंडळाच्या स्मरणिकेचे पान, ज्या फाँटमध्ये ते लिहिले त्याची फाइल, आणि फाँटचे नाव लिहिलेली एक चिठ्ठी, इतके एकत्र ठेवले तरी पुरे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि जिल्हा ग्रंथालयांनी ते जमा करून घ्यावे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा एका फाँटवरचा प्रकल्प हजारो पाने मोकळी करू शकतो. आणि अकरावीच्या वर्गात पहिले वेबपान लिहिताना शिक्षकांनी दोन ओळी आवर्जून घालायला सांगाव्यात : एक अक्षरसंच सांगणारी, दुसरी भाषा सांगणारी. त्या दोन ओळींना मिनिटभरही लागत नाही. त्यानंतर मुलीने किंवा मुलाने आपल्या गावाचे नाव शीर्षकात मराठीत लिहावे, 'व्ह्यू सोर्स' उघडावे, आणि पानाच्या मागच्या बाजूलाही तेच नाव दिसते आहे ना, हे तपासून पाहावे.